बेसीची चौतीस फुटी पट्टी : प्रकल्प नोंदी

11 जानेवारी 2026, रविवार

आजपासून नोंदी ठेवायला घेते. आमच्या इथल्या पब्लिक लायब्ररीत मुलांच्या सेक्शनबाहेर एक लांबलचक भिंत आहे, ती दर महिन्याला कुणालातरी प्रदर्शनासाठी देतात, एप्रिल मला मिळालाय. 30 एप्रिलला बेसी कोलमनला जाऊन शंभर वर्षं होतायत, त्यामुळे विषय आधीच ठरलेला होता.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विमान उडवायचं लायसन्स मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन बाई. अमेरिकेतली फ्लाइंग स्कूल्स तिला घेईनात म्हणून ती फ्रेंच शिकली, फ्रान्सला गेली आणि तिथे 15 जून 1921 ला तिला आंतरराष्ट्रीय लायसन्स मिळालं. प्रसिद्ध वैमानिक अमेलिया इअरहार्टला तेच लायसन्स मिळालं 1923 मध्ये, म्हणजे बेसीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी, पण नाव कुणाचं माहीत असतं ते आपल्याला ठाऊकच आहे. शिकागोच्या ओहेअर एअरपोर्टवर एका रस्त्याला बेसीचं नाव दिलंय. पाहुण्यांना आणायला-सोडायला जाताना तो बोर्ड मी कायम बघत आले, कोण ही बाई असा प्रश्न काही पडला नव्हता. मागच्या हिवाळ्यात लायब्ररीत तिचं चरित्र हाताला लागलं आणि दोन रात्रींत वाचून काढलं.

लोक असं चरित्र वाचतात ते उडण्यासाठी. मी अडकले भलतीकडेच. 1915 ला ती शिकागोला आली, 1920 च्या शेवटी फ्रान्सला गेली, आणि मधली पाच-सहा वर्षं मुख्यतः बार्बर शॉपमध्ये बसून पुरुषांची नखं करत होती. कुठेही बघा, ह्या काळाला एक वाक्य मिळतं. मॅनिक्युरिस्ट असताना तिला विमानाची ओढ लागली, झालं, पुढचं वाक्य थेट बोटीत. मधली वर्षं कशी गेली असतील ते मला सोडेना.

म्हणून कल्पना अशी की तिचं आयुष्य एका पट्टीवर मांडायचं, पण मापात. एक महिना म्हणजे एक इंच. एक वर्ष म्हणजे बरोबर एक फूट. जिथे काही घडलं नाही असं पुस्तकं म्हणतात तिथेही तेवढीच जागा सोडायची, एक इंच कमी नाही.

18 जानेवारी

हिशोब केला. सोयीसाठी पट्टी जानेवारी 1892 पासून सुरू, शेवट एप्रिल 1926. चौतीस फूट चार इंच. नऊवारी सत्तावीस फुटांची असते, तर ही पट्टी तिच्यापेक्षा सात फुटांनी लांब, मला आता लांबी डोळ्यासमोर आली.

लेक टेप घेऊन हॉलपासून किचनपर्यंत मोजत गेली, मी सांगेन तिथे तिने निळी टेप चिकटवली. शिकागोत येणं तेवीस फुटांवर. फ्रान्सची बोट अठ्ठावीस फूट दहा इंचांवर. लायसन्स साडेएकोणतीस फुटांच्या जरा अलीकडे. आणि तिथून शेवटापर्यंत किती उरलं तर पाच फुटांनाही कमी. ज्यासाठी तिचं नाव राहिलं ते सगळं लेकीने दोन ढांगांत ओलांडलं. ती म्हणाली, आई, एवढंच उडली ती? मी म्हटलं हो, आणि बाकीची पट्टी तू चालत आलीस ना, तेवढं चालून मग उडली.

फ्रान्समधलं शिक्षण किती, तर सात इंच. माझ्या वीतभर.

26 जानेवारी

आज बेसीचा वाढदिवस. आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या दिवशीच येतो, हे एकदा लक्षात आलं की विसरत नाही.

टेक्ससचे तेवीस फूट लिहायला घेतलेत. पट्टीतला सगळ्यात मोठा तुकडा हाच. जन्म अटलांटा नावाच्या गावात, हे टेक्ससमधलं अटलांटा, जॉर्जियातलं मोठं शहर वेगळं. दोन वर्षांची असताना घर वॉक्साहाची नावाच्या गावी हललं, कापसाचा मुलूख. नऊ फुटांवर, म्हणजे 1901 ला, वडील ओक्लाहोमाला निघून गेले. त्यांच्या पूर्वजांत मूळनिवासी रक्त होतं, तिकडे आपल्याला जास्त मान मिळेल असं त्यांना वाटलं, पण आई काही गेली नाही, ती मुलांना घेऊन इथेच राहिली आणि लोकांकडे धुण्याभांड्याचं घरकाम करून घर चालवलं. शाळा एका खोलीची, कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी, चार मैल चालत जायचं, आणि कापूस वेचणीला आला की शाळा बंद कारण सगळी पोरं शेतात. बेसी गणितात चांगली होती.

एक तपशील मला फार आवडला. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण वर्षातून एखाद-दोन वेळा पुस्तकांची गाडी फिरत यायची तिच्याकडून ती पुस्तकं घ्यायची, आणि संध्याकाळी बेसी सगळ्यांना वाचून दाखवायची. हे कुठल्या फुटावर टाकू? तारीख नाही. एकाच जागी खूण करण्यासारखी गोष्टच नाही ही, वर्षानुवर्षं चाललेली. शेवटी सहाव्या फुटापासून पुढे पट्टीच्या खालच्या कडेने एक बारीक निळी रेघ काढली, ती वाचनाची. पुढे बघू कुठवर नेता येते.

अठराव्या फुटावर, 1910 ला, धुण्याच्या कामातून साठवलेले पैसे घेऊन ती ओक्लाहोमात लँगस्टनला कॉलेजला गेली. एक टर्म झाली, पैसे संपले, घरी परत. चार इंच.

1 फेब्रुवारी

कागद आणला. तपकिरी क्राफ्ट पेपरचा रोल, अठरा इंच रुंद. पांढरा बघितला होता पण पांढऱ्यावर मोकळी जागा म्हणजे छापायची राहिलीय असं वाटतं, तपकिरीवर ती जागा जागाच वाटते. फोटो जुने आहेत, कॉपीराइटमधून सुटलेले, नवऱ्याने ते साफ करून प्रिंटला दिले.

8 फेब्रुवारी

शिकागोचा तुकडा, तेवीस फूट ते अठ्ठावीस फूट दहा इंच. ज्यासाठी हा सगळा खटाटोप तो भाग.

आधी पार्श्वभूमी. त्या वर्षांत दक्षिणेतून उत्तरेकडे कृष्णवर्णीय लोकांचे लोंढे येत होते, 1910 ला शिकागोत त्यांची वस्ती साधारण 44 हजार, 1920 ला 1 लाख 9 हजार. बेसी त्यातलीच एक. देश तोच, पासपोर्ट लागत नव्हता, पण आधी भाऊ गेलेत म्हणून त्यांच्याकडे उतरायचं, त्यांच्या ओळखीने काम बघायचं, आपल्या बोलण्यावरून लोकांना कळायचं की ही नवी आलीय, हे सगळं मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तिने नखांचा कोर्स केला आणि साउथ साइडला, म्हणजे शहराच्या दक्षिण भागात, व्हाइट सॉक्स बार्बर शॉपमध्ये काम धरलं.

आता माझं सांगते कारण त्याशिवाय ही पट्टी का करतेय ते कळणार नाही. मी फिजिओथेरपिस्ट. साडेचार वर्षांची डिग्री, मग सांगलीत एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलला नोकरी, लग्न, नवऱ्याचा एच-1बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, आणि मी एच-4, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर. एच-4 वर काम करता येत नाही, 2015 पासून नियम असा की नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रोसेसमध्ये आय-140 हा कंपनीने भरलेला अर्ज मंजूर झाला की बायकोला वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो. ते होईपर्यंत घरी. परमिट आलं तर डिग्री इव्हॅल्युएट करून घ्या, त्यात क्रेडिट्स कमी पडले, म्हणजे ते विषय इथल्या कॉलेजात परत करा, मग लायसन्सची परीक्षा. सध्या संध्याकाळी कोर्स आणि दिवसा एका क्लिनिकमध्ये एड, म्हणजे मदतनीस, म्हणून काम. एडला लायसन्स लागत नाही. हॉट पॅक काढायचे, टेबल पुसायचं, टॉवेल घड्या करायचे, पेशंटच्या व्यायामाचे आकडे मोजायचे. गुडघा बदललेल्या एक आजी येतात, पाय सरळ उचलताना शेवटचे थोडे अंश गुडघा वाकलेलाच राहतो, मांडीचा स्नायू अजून पूर्ण पकडत नाहीये हे मला लांबून दिसतं, हात लावून दाखवावं असं बोटांना होतं. आणि मी मोजते, आठ, नऊ, दहा. मग त्यांच्या थेरपिस्टला जाऊन सांगते, ती बघते, ठीक करते. ती चांगली आहे. पण हात तिचे लागतात.

तर बेसी दुकानात लोकांचे हात हातात घेऊन बसलेली आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला लढून परत आलेली माणसं खुर्चीत बसून विमानांच्या गोष्टी सांगतायत आणि ती नखं घासत ऐकतेय. तिचा भाऊ जॉन लढाईवरून आलेला, तो एकदा दुकानात येऊन चिडवायला लागला की फ्रेंच बायका विमान उडवतात, तुमच्याने काय होणार. सगळी चरित्रं म्हणतात हाच तो क्षण. असेलही. पण भावाने चिडवलं म्हणून माणूस उठून दुसऱ्या खंडात जात नाही, त्याच्या आधी रोजचं ऐकणं असतं, ते आत कुठेतरी साठत असतं. मी ह्या जवळजवळ सहा फुटांत फक्त दोन खुणा ठेवल्या, भावाचं ते बोलणं आणि 1919. बाकी रिकामं. वर एवढंच लिहिलंय: ती इथे काम करत होती.

1919 म्हणजे शिकागोची दंगल. 27 जुलैला तलावाच्या किनाऱ्यावर एक कृष्णवर्णीय मुलगा पोहता पोहता गोऱ्यांच्या बाजूला गेला, दगड फेकले, तो बुडाला, आणि मग आठवडाभर शहर पेटलं, 38 माणसं गेली. बेसी तेव्हा ह्याच वस्तीत राहत होती. ही ओढ वगैरे जी काय लागली ती अशा शहरात लागली, हे लिहिलंच पाहिजे.

15 फेब्रुवारी

निळी रेघ शिकागोतही चालू ठेवली. कारण शिकागो डिफेंडर. कृष्णवर्णीयांचं सगळ्यात मोठं वर्तमानपत्र, संपादक रॉबर्ट अ‍ॅबट. बेसीला इथे कुणी शिकवेना तेव्हा त्यांनीच तिला सांगितलं की फ्रान्सला जा, आणि आधी फ्रेंच शीक. पैशाची मदत जेसी बिंगा नावाच्या बँकरची, तो पण त्यांच्याच समाजातला. म्हणजे कामावरून सुटून संध्याकाळी फ्रेंचचा क्लास. वय अठ्ठावीस.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर म्हणाली, अगं मग तुझंही तेच चाललंय की, दिवसा काम नि संध्याकाळी कॉलेज. मी म्हटलं आई ती विमान शिकायला गेली गं. आई म्हणाली, तिला तरी तेव्हा कुठे माहीत होतं विमान मिळेल का ते. ह्यावर मी काय बोलणार!

22 फेब्रुवारी

फ्रान्सचे सात इंच. जागा इतकी कमी आणि मजकूर इतका जास्त की दिवस ह्यातच गेला.

नोव्हेंबर 1920 ला पासपोर्ट-व्हिसा करून न्यूयॉर्कहून बोट. तिथे उत्तर फ्रान्समध्ये ल क्रोतुआ नावाचं गाव, सोम नदी समुद्राला मिळते तिथे, कोद्रों बंधूंचं फ्लाइंग स्कूल. न्यूपोर्ट जातीचं दोन पंखी विमान, लाकूड, तारा, कापड. ब्रेक नाही, स्टिअरिंग व्हील नाही, समोर एक जाडजूड दांडा आणि पायाखाली एक आडवा बार. दांड्याने नाक वर-खाली आणि पंख कलते, पायाच्या बारने शेपटीचं सुकाणू. आणि विमान दर वेळी आधी स्वतः तपासून घ्यायचं कारण काही तुटलं तर हवेत तुटणार. तिच्यासमोर एक शिकणारा अपघातात गेला. तिने नंतर सांगितलंय की धक्का बसला पण हिंमत सोडली नाही. शाळेपर्यंत रोज नऊ मैल चालायची असंही तिने सांगितलंय. चार मैलांची शाळा टेक्ससला, नऊ मैलांची इथे.

लायसन्सवर जन्माचं वर्ष 1896 आहे. खरं 1892. चार वर्षं कमी करून सांगितलीत. ह्यावर मी खूप वेळ विचार केला, कारण माझ्या पट्टीच्या भाषेत हे चार फूट कापणं झालं. तिला दोष द्यावा असं अजिबात वाटत नाही. एकोणतिसाव्या वर्षी विद्यार्थी म्हणून उभं राहताना मागचे काही फूट लोकांना दिसू नयेत असं वाटणं मला पूर्ण समजतं, माझ्या कोर्समधली मुलं वीस-एकवीसची आहेत. रेझ्युमेमधली गॅप एक्सप्लेन करा असं इंटरव्ह्यूत विचारतात तेव्हा पोटात काय होतं ते ज्याला विचारलंय त्यालाच माहीत. म्हणून ठरवलं, पट्टीवर चारही फूट पूर्ण ठेवायचे आणि लायसन्सच्या फोटोखाली सरळ लिहायचं की त्यावर 1896 आहे. ती लपवत होती असं लिहायचं नाही. तिला ते कमी करावंसं वाटलं असा तो काळ होता, एवढंच.

8 मार्च

लायसन्सनंतरचं. मला वाटलं होतं इथून काम सोपं, सगळं नोंदलेलं आहे, फोटो आहेत. पण इथेच मला बेसी खरी कळली.

सप्टेंबर 1921 ला परत आली, वर्तमानपत्रवाले बंदरावर हजर, कौतुक झालं. आणि काम? नुसतं लायसन्स असलेल्या पायलटला तेव्हा पोट भरण्याचा मार्ग म्हणजे कसरतींचे शो, आणि कसरती तिला येत नव्हत्या, आणि शिकवायला इथे परत कुणी तयार नाही. म्हणून 1922 च्या सुरुवातीला दुसऱ्यांदा युरोप, फ्रान्स, हॉलंड, जर्मनी, ऑगस्टमध्ये परत. लायसन्स हातात असताना पुन्हा विद्यार्थी! लायसन्स मिळालं की झालं, असं मीही धरून चालले होते, परीक्षा पास झाले की बास. आता तसं नाही वाटत. उलट बरं वाटलं की तिलाही पुढे अजून शिकावं लागलं आणि ती शिकली.

3 सप्टेंबर 1922, लाँग आयलंडवर कर्टिस फील्डला पहिला शो. ऑक्टोबरमध्ये शिकागोत, आपल्या माणसांसमोर. आणि फेब्रुवारी 1923 मध्ये कॅलिफोर्नियात सान्ता मोनिकाहून उडाली तर तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं, विमान नाकावर खाली. लढाईनंतर सैन्याने विकायला काढलेलं जुनं जेनी विमान होतं, स्वतःचं, नुकतंच घेतलेलं. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. पहिल्या शोपासून ह्या अपघातापर्यंत पट्टीवर पाच इंच.

तिने हॉस्पिटलमधून निरोप पाठवला की चालता यायला लागले की लगेच उडणार. फिजिओ म्हणून सांगते, 1923 साली मोडलेला पाय म्हणजे महिनोन्महिने प्लास्टर, आणि प्लास्टर काढल्यावर जी मांडी बाहेर येते ती आपलीच आहे हे पटत नाही इतकी सुकलेली असते, गुडघा कडक, टाच टेकवायची भीती. आणि पायाखालचा तो बार दोन्ही पायांनी दाबायचा असतो. ती परत उभी कशी राहिली, कुणी तिचे व्यायाम घेतले, ह्याबद्दल कुठे एक ओळ नाही. मला ही ओळ सगळ्यात जास्त वाचायची होती.

नंतर मधे एखाददुसरा शो सोडला तर मोठं पुनरागमन थेट 19 जून 1925, ह्यूस्टन. टेक्ससमध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी पोचली तो हा दिवस, तिकडचा सण. अपघात ते ह्यूस्टन, अठ्ठावीस इंच. फ्रान्सच्या चौपट.

14 मार्च

भिंतीची अडचण. मोजून आले, सरळ भिंत सव्वीस फूट, मग कोपरा, पलीकडे अकरा फूट. लायब्ररीयन बाईंनी चांगल्या मनाने सुचवलं की टेक्ससचा भाग आवळून घेतला तर सगळं एका भिंतीवर मावेल, तिथे तसंही खुणा कमी आहेत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, की मोकळी जागा हाच तर विषय आहे, आणि त्या थांबून ऐकून म्हणाल्या, मग कोपऱ्यावरून वळवा. मोठ्या मनाची बाई.

कोपरा येतो 1918 च्या सुरुवातीला. नखांची वर्षं अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. भीती अशी की लोक कोपऱ्यावर पट्टी संपली समजून परत फिरतील. म्हणून कागद कोपऱ्यात कापणार नाही, दुमडून सलग नेणार, आणि अलीकडे डोळ्याच्या उंचीवर लिहिणार: अजून विमान आलेलं नाही, वळा.

22 मार्च

वॉक्साहाचीच्या शोवर नवऱ्याशी बराच वाद झाला. तिच्या लहानपणच्या गावी शो ठरला तेव्हा आयोजकांनी गोऱ्यांना एक दार आणि कृष्णवर्णीयांना वेगळं दार ठेवलं होतं. तिने सांगितलं, एकच दार नसेल तर मी उडणार नाही. ते त्यांनी मानलं, आत बसायच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. नवरा म्हणाला दुसरं वाक्य कशाला, पहिल्यावरच थांब, ते जास्त भिडतं. मी म्हटलं दोन्ही राहणार. तिला एक दार मिळालं, आणि आतल्या जागा वेगळ्या असूनही ती उडाली, हे तिने स्वीकारलं तर आपण का खोडायचं. जे मिळालं ते घेऊन पुढचं मागत राहणं ह्याला मी कमी समजत नाही. दोन्ही वाक्यं सारख्याच टाइपात छापली.

तशीच सिनेमाची गोष्ट. तिच्यावर सिनेमा निघत होता, पहिल्याच सीनमध्ये तिने फाटक्या कपड्यांत, हातात काठी, पाठीवर गाठोडं असं शहरात यायचं होतं. ती सोडून निघून गेली. पैशाची गरज असताना. तिचे फोटो बघा, लष्करी कटचा कोट, चामड्याचा पट्टा, उंच बूट, प्रत्येक फोटोत ताठ. गरिबीतून आली होतीच ती, पण ती दाखवायची कशी हे ठरवायचा हक्क तिने दुसऱ्याला दिला नाही.

5 एप्रिल

शेवटचा फूट. लांबणीवर टाकत होते.

1926, फ्लोरिडा. डॅलसहून जुनं जेनी आणलेलं, तिचा मेकॅनिक विल्यम विल्स ते उडवत घेऊन आला, वाटेत इंजिनाने त्रास दिलेला. 30 एप्रिलला सकाळी जॅक्सनव्हिलला दुसऱ्या दिवशीच्या शोची तयारी. विल्स पुढे विमान चालवतोय, बेसी मागे, पट्टा न लावता, कारण पॅराशूटच्या उडीसाठी मैदान बघायला तिला कडेवरून वाकायचं होतं. विमानाने अचानक सूर मारला, उलटं झालं, ती बाहेर फेकली गेली. विल्स विमानाबरोबर गेला. इंजिनाच्या बाजूला राहून गेलेला एक पाना कंट्रोलमध्ये अडकला होता.

लेकीने विचारलं पाना कोणाचा. म्हटलं ते कुणाला कळणार आता. विल्सचं नाव पट्टीवर बेसीच्या नावाइतक्याच अक्षरांत टाकलंय, तो चोवीसच वर्षांचा होता.

शिकागोत अंत्यविधीला हजारो लोक आले, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स तिथे बोलल्या. तिचं स्वप्न होतं आपल्या लोकांसाठी फ्लाइंग स्कूल काढायचं, ते तिच्या हयातीत झालं नाही. नंतर काय झालं ते पट्टीवर नको, पट्टी एप्रिल 1926 लाच थांबते, ते वेगळ्या बोर्डावर घेतलंय. 1929 ला लॉस एंजेलिसला विल्यम पॉवेलने तिच्या नावाने एरो क्लब काढला. 1931 पासून कृष्णवर्णीय पायलट शिकागोच्या लिंकन सिमेट्रीवरून उडत तिच्या कबरीवर फुलं टाकायला लागले. 1992 ला अंतराळवीर मे जेमिसन अवकाशात गेली, शिकागोतच वाढलेली, तिने बेसीचा फोटो बरोबर नेला. 1995 ला टपाल तिकीट, 2023 ला पंचवीस सेंटच्या नाण्यावर.

6 एप्रिल

रात्री लायब्ररी बंद झाल्यावर लावली. नवरा शिडीवर, लेक टेप तोडून देत होती. पट्टी तीन फूट उंचीवर, म्हणजे मुलांच्या डोळ्यासमोर आणि व्हीलचेअरवरूनही वाचता येईल. लेव्हल लावून बघितली, सरळ आहे.

25 एप्रिल

जाऊन बसले होते थोडा वेळ, लोक कसे बघतात ते बघायला. बहुतेक जण उजवीकडून, विमानाच्या फोटोपासून सुरू करतात आणि मग मागे मागे जातात. चालेल, तसंही वाचता येतं. एक गृहस्थ नखांच्या वर्षांपाशी बराच वेळ उभे होते. पोलंडहून आलेले, तिकडे सिव्हिल इंजिनिअर, इथे येऊन टाइल्स बसवायचं काम केलं, आता रिटायर्ड. त्यांनी बोटाने ती रिकामी जागा दाखवली आणि विचारलं, इथे काही लिहिणार का अजून? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं केलंत. मग आम्ही टाइल्सबद्दल बोललो, कोपऱ्यात टाइल कशी कापतात वगैरे, माझा दुमडलेला कोपरा त्यांनी अगदी जवळ जाऊन तपासला आणि पास केला.

क्लिनिकमधल्या माझ्या थेरपिस्ट मॅडम पण आल्या होत्या मुलांना घेऊन. पायाचा भाग वाचून म्हणाल्या, हे तूच लिहिलंस हे कळतं. सोमवारी त्यांनी गुडघ्याच्या आजींचा प्लॅन माझ्यासमोर मांडून विचारलं, तुला काय वाटतं. सही अर्थात त्यांचीच. पण विचारलं.

30 एप्रिल

शंभर वर्षं झाली. कामावरून सुटून लिंकन सिमेट्रीला जाऊन आलो, केडझी अव्हेन्यूवर आहे. फुलं ठेवली. लेकीने विचारलं, वरून टाकायची असतात ना? म्हटलं ज्याला जशी जमतात तशी.

3 मे

पट्टी उतरवली. दोन ठिकाणी टेपने कागद सोलला, आतून चिकटवून घेतला. माझा संध्याकाळचा कोर्स जिथे आहे त्या कॉलेजच्या हेल्थ सायन्स बिल्डिंगमध्ये सप्टेंबरपासून लावायची का असं तिथल्या प्रोफेसरांनी विचारलंय, कॉरिडॉर चाळीस फुटांच्या वर आणि सरळ, कोपरा नाही. हो म्हटलं. तोवर माझी परीक्षा यायची आहे, फॉर्म भरलाय, त्याचा अभ्यास आधी. जूनमध्ये भिंत मोजायला जायचं. फ्रान्सच्या सात इंचांतली अक्षरं फार बारीक झालीत असं चष्मेवाल्या दोघा-तिघांनी सांगितलं, तिथला मजकूर पट्टीच्या खाली वेगळ्या कार्डावर मोठ्या टाइपात घ्यायचा, आणि मोडलेल्या पायाच्या अठ्ठावीस इंचांखाली त्या काळी असा पाय कसा बरा करायचे ह्याचं एक कार्ड, ते मी स्वतः वाचून लिहिणार.